लातूरला जाणारा डबा

डॉ. दामिनी खुर्चीवर टेकायला तयार नव्हत्या. नांदेडच्या त्या कोंदट ऑफिसात त्या येरझाऱ्या घालत होत्या आणि खासगी तपास करणारी बुद्धप्रिया वाघमारे त्यांचं ऐकत होती.

केमो घेणाऱ्या कॅन्सरच्या रोग्यांचं रक्त घटतं. ते वाढवणाऱ्या इंजेक्शनवर बाईंचं संशोधन. नांदेडच्या रोग्यांचं हिमोग्लोबिन चढलं, लातूरचं ढिम्म हललं नाही. लातूरच्या बाटल्यांतल्या औषधात दमच नव्हता. आज संध्याकाळी समिती लातूरला बसून संशोधन बंद करणार होती.

"औषध विकून कुणीतरी पाणी भरलंय," बुद्धप्रियाचा जोडीदार मल्लिनाथ म्हणाला. त्याला कुठंही आधी चोरच दिसतो.

"पाणी नाही. औषध तेच, सीलही शाबूत," दामिनी म्हणाल्या. "उष्णता लागली की काळी पडणारी पट्टी असते बाटलीवर. तीही पांढरीच आहे."

समितीवर असलेले डॉ. आनंदराज हॉस्पिटलच्या जिन्यातच भेटले. सरळ रक्ताची पिशवी चढवावी, हे इंजेक्शनाचं थोतांड कशाला, असं त्यांनी तोंडावर सुनावलं. मल्लिनाथचा संशय लगेच त्यांच्यावर बसला. पण औषधाच्या खोलीची किल्ली एकट्या दामिनींकडे असायची.

औषध पोचवणाऱ्या बालाजीच्याच जीपमधून आनंदराजांसह सगळे लातूरला निघाले. उन्हानं जीव नकोसा झाला होता. बालाजीची बायको पुनम लातूरच्याच वॉर्डात होती. रक्त वाढेना म्हणून तिचा पुढचा केमो अडला होता.

"लई जपून नेऊन राहिलो मी डबा, ताई," तो म्हणाला. "माझीच बायको हाय तिथं."

वाटेत लोहा गावात त्याच्या भावाची कुल्फीची गाडी होती. औषधाचा डबा ठेवलेल्या पेटीतला बर्फ वितळला म्हणून बालाजी ती घेऊन गाडीमागं गेला. मल्लिनाथनं तेवढ्यात कुल्फी हाणली. एवढ्या उन्हात दगडासारखी घट्ट. बुद्धप्रिया मात्र गाडीखालच्या खडेमिठाच्या पोत्याशी उगाच रेंगाळली.

लातूरला नर्स मंजुश्रीनं आधीच त्रागा केला. तिचा फ्रीज उत्तम होता. त्यातल्याच इन्सुलिनवर शुगरवाल्यांची साखर ताळ्यावर होती. डबा आला की ती तसाच फ्रीजमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी उघडायची.

"आणि बालाजीभाऊंना बोल लावू नका," ती म्हणाली. "डबा इतका गार आणतात, की पत्र्याला बोट चिकटतं."

रिकाम्या पेटीच्या आत पांढरे पापुद्रे धरले होते, कडी गंजली होती. टँकरच्या पाण्याचा क्षार असणार, असं मंजुश्री म्हणाली. लातूरकरांना क्षाराचं काय नवल! बुद्धप्रियानं एक पापुद्रा जिभेवर ठेवला आणि सगळ्यांना आत बोलावलं.

"चोरी झालेलीच नाही," ती म्हणाली. "नांदेडात औषध चांगलं, इथला फ्रीज चांगला. मग बिघडलं वाटेत. पण पट्टी पांढरी, म्हणजे तापलं नाही."

"मग?" आनंदराजांनी विचारलं.

"पट्टी फक्त उष्णता सांगते. नुसत्या बर्फातल्या डब्याला बोट चिकटत नाही, त्याहून गार लागतं. कुल्फी कशानं गोठते, मल्लिनाथ? बर्फात खडेमीठ घातल्यानं. या पेटीत क्षार नाही, मीठ आहे. औषध दर खेपेला वाटेत गोठत होतं, इथल्या फ्रीजमध्ये मुकाट्यानं वितळत होतं. एकदा गोठलं की ते गेलं."

सगळ्यांनी बालाजीकडं पाहिलं.

"हाव, मीच टाकलं मीठ," तो म्हणाला. "आमच्यात बापापासून टाकतेत. मॅडम म्हणल्या होत्या, गरम होऊ देऊ नको." मग तो पेटीशीच खाली बसला. "म्हंजी पुनमचं रक्त मीच..."

मल्लिनाथला चोर न सापडल्याचं पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही. बालाजीकडं बघवत नव्हतं.

"गोठू देऊ नको, हे मी सांगितलंच नाही," दामिनी म्हणाल्या. "समितीला तेच सांगते. चूक माझी आहे."

समितीनं खूप छळलं, पण शेवटी लातूरला नव्यानं सुरुवात करायला मान्यता दिली. पुनमच्या अंगात तेवढी ताकद उरली होती का, ते कुणीच छातीठोक सांगेना.

पुढच्या खेपेला मल्लिनाथ जीप चालवत होता. बालाजी पेटी मांडीवर घेऊन बसला होता आणि आतला थर्मामीटर पुन्हा पुन्हा बघत होता. लोह्याला भावानं हात केला. बालाजीनं गाडी थांबवू दिली नाही.