आठ दिवस आणि एक जाम इंजिन

टेम्पोमागे ओढली जाणारी ती जुनी मोटार गॅरेजसमोर आली आणि दोर तुटला. टेम्पो आपल्या नादात पुढे निघून गेला. मोटार उतारावरून डुलत आली आणि नेमकी फाटकात आडवी थांबली. स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेला तरुण खाली उतरला, चष्मा सावरत म्हणाला, "माफ करा, लगेच हलवतो."

"कशी?" गॅरेजमधल्या मुलीने विचारलं.

त्याने मोटारीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि तिच्याकडेच पाहत राहिला. उत्तर सुचत नव्हतं म्हणून, असं त्याने पुढे कितीदा तरी सांगितलं.

गॅरेज तिच्या बाबांचं, पण इंजिनाच्या बाबतीत शेवटचा शब्द लेकीचा. तो चष्म्यांचा दुकानदार. मोटार त्याच्या आत्याची. तिने ती तीस वर्षं स्वतः चालवली आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा भाच्याच्या हवाली केली. उभी राहून राहून इंजिन जाम झालं होतं. एका मोठ्या गॅरेजने ते भंगारात काढून दुसरं बसवायचं ठरवलं होतं आणि स्वारी तिकडेच निघाली होती. आत्या एवढंच म्हणाली होती, की दुसरं इंजिन बसवलंस तर ती तुझी गाडी, माझी नव्हे.

लेकीने बॉनेट उघडलं, तेलाची कांडी काढून हुंगली. "जाम आहे, मेलेलं नाही. आठ दिवस द्या. नाही सुटलं तर खुशाल बदला."

मग रोज दुपारी दुकान बंद करून तो यायचा. ती प्लगच्या भोकांतून तेल सोडायची, तो बाह्या सरसावून लांब पान्यावर जोर लावायचा. इंजिन ढिम्म! पण गप्पांना मात्र कधी तेल लागलं नाही. पाना हाताच्या अंतरावर धरून ती त्यावरचा आकडा वाचायची, तेव्हा तो म्हणायचा, "एकदा दुकानात या, डोळे तपासतो." ती म्हणायची, "इथूनच तपासताय की रोज." त्यावर तो असा लाजायचा, की तिलाच हसू आवरत नसे.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, तो गेल्यावर तिने सहज पाना लावून पाहिला... आणि इंजिन फिरलं. आधी बोटभर, मग अख्खा फेरा! आनंदाने तिने फोन उचलला. नंबर लावता लावता तिच्या लक्षात आलं, की उद्या तो गाडी घेऊन जाईल आणि परवापासून दुपार नुसतीच दुपार असेल. तिने फोन ठेवला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि हँडब्रेक करकचून ओढला. आता भीम आला असता तरी इंजिन हललं नसतं. बाबांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

शुक्रवारी तो आला तो पडलेला चेहरा घेऊनच. आठवा दिवस. नवीन इंजिन उद्यावर ठरलं होतं. आत्याला कळवलं, तर ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ते "बरं" तिच्या जिव्हारी लागलं.

"थांबा," ती म्हणाली. "इंजिन सुटलंय."

"कधी?"

"मंगळवारी."

"आणि मी दोन दिवस पान्याला लोंबकळत होतो, ते—"

"पहिल्या गिअरला लोंबकळत होतात."

"का पण?"

"गाडी सुरू झाली असती, तर तुम्ही आला नसता. मला तुम्ही यायला हवे होतात... अजूनही हवे आहात."

तो चष्मा काढून पुसत बसला. तिचा जीव टांगणीला लागला होता. अखेर त्याने चष्मा लावला, गाडीत शिरला, गिअर काढला. "चला," तो म्हणाला, "तुमचं खोटं सुरू करून बघू."

प्लग बसले, बॅटरी आली, ताजं पेट्रोल आलं. पहिल्या झटक्याला इंजिन नुसतं कण्हलं. दुसऱ्याला खोकलं. तिसऱ्याला गॅरेजभर पांढरा धूर करत असं धडधडायला लागलं, की दोघांनी एकमेकांचे तेलकट हात कधी धरले ते त्यांनाही कळलं नाही. त्याने आत्याला फोन लावून इंजिनाजवळ धरला.

पलीकडून आत्याचा आवाज आला, "तिसरा प्लग सैल आहे. कोण काम करतंय?"

"आहे एक जणी. हात चांगला आहे, पण खोटं बोलते."

"कशापायी?"

"मी रोज यावं म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

"अजून काही नाही." त्याने तिचा हात आणखी घट्ट धरला. "पण उद्यापासून दोन्ही वेळ यायचं म्हणतोय."

आत्या हसली. "तो प्लग आवळून घ्या आणि इकडे या. गाडी तिला चालवू दे. तू शेजारी बस."