टिब्सला घालवलं त्या हिवाळ्यात

वांडा पिलार्स्कीने त्या माणसाची गाडी बर्फाखाली गाडली, ती काही मुद्दाम नाही.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. सरोवराकडून आलेल्या बर्फाने बफेलोचे रस्ते पुरते भरून गेले होते आणि वांडा सकाळपासून महापालिकेचा बर्फ हटवायचा ट्रक हाकत होती. हात स्टिअरिंगवर होते, पण कान रेडिओकडे. रेडिओवर गसचा बेसबॉलचा कार्यक्रम चालला होता. लोक फोन करकरून क्लबचा उद्धार करत होते. करणारच! गावचे मिलर्स गेल्या मोसमात एकशे एक सामने हरले होते. एवढ्यावर थांबतील तर ते मिलर्स कसले? चौदा वर्षं पहिल्या बेसवर पाय रोवून उभा असलेला डॅरेल टिब्स त्यांनी दुसऱ्या संघाला देऊन टाकला होता. बदल्यात आणली तीन पोरं, ज्यांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर कुणी ऐकली नव्हती. आणि टिब्सला हे कळलं कुठून? टीव्हीवरून! लेकीच्या शाळेत तिला आणायला गेला होता बिचारा, तिथल्या टीव्हीवर आपलंच नाव वाचलं त्याने.

"खरं सांगायचं तर," रेडिओवर कुणीतरी म्हणालं, "निर्णय बरोबरच होता…"

"बरोबर?" वांडा एकटीच ओरडली आणि तिचा पाय ॲक्सिलरेटरवर जोरात दाबला गेला. ट्रकच्या पुढचं लोखंडी पातं उसळलं आणि बर्फाचा एक अख्खा ढीग रस्त्याकडेच्या निळ्या गाडीवर जाऊन कोसळला.

गाडीमागून एक माणूस फावडं घेऊन उठला.

"ओ बाई! पाऊण तास खणतोय मी! दिसत नाही का?"

वांडाने काच खाली केली. सॉरी म्हणणारच होती ती… पण हा आवाज! किंचित घोगरा, वाक्याच्या शेवटी रेंगाळणारा. तीन आठवडे दिवसाआड ती गसच्या कार्यक्रमात हा आवाज ऐकत होती आणि दिवसाआड तिथेच फोन करून त्याला शिव्या घालत होती.

"एमेट?" ती म्हणाली. "रेडिओवरचा एमेट? टिब्स थकलाय म्हणणारा?"

त्याच्या पापण्यांवर बर्फ होता. त्याने डोळे मिचकावले. "वांडा…? ती ओरडणारी वांडा?"

"ओरडणारी?"

"गस म्हणतो तसं. मी नाही म्हणत."

"हे बघ, टिब्सला घालवलं ते चुकलं, एवढं म्हण. आत्ताच्या आत्ता मोकळी करते तुझी गाडी."

त्याने गाडीकडे पाहिलं. फावड्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. "जुलैनंतरच्या एक्कावन्न सामन्यांत त्याने चार होम रन मारले. फक्त चार."

"त्याचा गुडघा दुखत होता!"

"तेच तर म्हणतोय मी!"

वांडाने काच वर केली आणि निघून गेली. वळणावर तिने आरशात पाहिलं. तो पुन्हा खणायला लागला होता, सावकाश, जराही न चरफडता. मूर्ख कुठला! एक शब्द बोलला असता तर सुटला असता… पण बोलला नाही. एरवी वांडा चिडली की समोरचे "बरोबर आहे तुझं" म्हणून काढता पाय घ्यायचे. बर्फात राहीन पण तुझं ऐकणार नाही, असं म्हणणारा हा पहिलाच भेटला होता.

अर्ध्या तासाने दुसऱ्या फेरीला ती आली आणि त्याच्या गाडीसमोरचा बर्फ एका झटक्यात बाजूला सारला.

तो खिडकीशी आला. "आभार मानणार नाही मी."

"मागितलेत कुणी?"

"शुक्रवारी डॉटकडे येतेस मासे खायला? कागद आणतो. सगळे आकडे दाखवतो तुला."

"मासे खायला येईन," वांडा म्हणाली. "कागद तूच खा."

ती गेली. का गेली, ते तिलाही नीटसं सांगता आलं नसतं. भांडण अर्धं राहिलं की तिला अन्न गोड लागत नसे, एवढं मात्र खरं.

डॉट म्हणजे गोदीजवळच्या त्या छोट्या खानावळ-बारची मालकीण. साठीची, जाडजूड, आणि गिऱ्हाइकाला ताट आपटून वाढणारी. तिच्याकडे शुक्रवारी तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर आणि राय नावाच्या धान्याचा पाव खायला निम्मा मोहल्ला जमायचा. एमेट डोलन शाळेत गणित शिकवायचा. त्याने खरोखरच कागद आणले. वांडाने त्यावर माशाचं ताट ठेवलं.

"अगं, तेल लागतंय!"

"लागू दे. तुझ्या आकड्यांना तेवढीच चव येईल."

"छत्तीस वर्षांचा आहे तो, वांडा. संघ शेवटून दुसरा आहे. नवी पोरं आणायची नाहीत तर काय करायचं?"

"मालकाला विकायचं! त्याच्या बदल्यात एक जरी पोरगं मिळालं तरी फायदाच."

एमेटला हसू आवरेना. हसताना त्याचे कान लाल व्हायचे. आणि चिडतानाही! त्यामुळे तो नक्की हसतोय की चिडलाय, ते बघायला वांडाला त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहावं लागायचं…

मग सगळेच शुक्रवार तसे गेले. चेंडू फेकणारा पिचर का बदलला नाही, कोचला का ठेवलं, उजव्या बाजूचा तो आळशी खेळाडू चेंडूमागे पळतो की फिरायला जातो — एकेका गोष्टीवर दोघं तावातावाने भांडायची. डॉट म्हणायची, तुमच्यामुळे माझं टेबल अडतं. बाहेर पडलं की गार वाऱ्यावर नदीकाठच्या गिरणीतून भाजलेल्या ओटचा वास यायचा आणि दोघं गाड्यांपाशी उगाच रेंगाळायची.

"काय बघतोस?" एकदा तिने विचारलं.

"तू चिडलीस की डावी भुवई आधी वर जाते. मग उजवी."

"हेही मोजलंस?"

"…आज अकरा वेळा."

वांडाने फणकारून टोपी भुवयांच्या खालपर्यंत ओढली.

त्याच संध्याकाळी ती बोलून गेली, जे आजवर कुणाला बोलली नव्हती. "माझा भाऊ टेक्ससला गेला. मैत्रिणी गेल्या. ज्याच्याशी लग्न करणार होते तो फ्लोरिडाला गेला; थंडी सोसत नाही म्हणे. टिब्सला मोठमोठ्या संघांनी बोलावलं होतं, एमेट. तो नाही गेला. या गावात राहायचं म्हणून राहिला. आणि जो राहिला, त्यालाच घालवलं… साधं तोंडावर सांगितलंसुद्धा नाही."

एमेटने त्या संध्याकाळी एकही आकडा काढला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी क्लबने चाहत्यांचा मेळावा भरवला. हॉल खच्चून भरला होता आणि सगळे धुमसत होते. मंचावर क्लबचा मुख्य अधिकारी हार्लन प्रूइट गुळगुळीत हसत बसला होता. वांडा माईकसमोरच्या रांगेत उभी होती. प्रश्न तिने आठवडाभर घासून धारदार केला होता. एमेट येतो म्हणाला होता, पण तो काही दिसत नव्हता.

"आम्ही चाहत्यांचं ऐकतो," प्रूइट म्हणाला. "इतकं ऐकतो की त्यांच्यातल्याच एकाचं पत्र वाचून आम्ही त्याला आमच्या आकडेवारी विभागात घेतोय. रेडिओवर तुम्ही त्याला ओळखता. एमेट डोलन!"

मंचाच्या कडेला एमेट उठून उभा राहिला. अवघडलेला, टाय घातलेला. त्याची नजर हॉलभर फिरली, तिला शोधत… आणि सापडली, तेव्हा वांडाच्या हातात माईक आला होता.

घासलेला प्रश्न ती साफ विसरली.

"माझा साधा प्रश्न आहे," ती म्हणाली. "तुमची तळी उचलली की नोकरी मिळते, हे आधीच का नाही सांगितलंत? आम्ही वेडे उगाच खरंखुरं चिडत बसलो!"

हॉल दणाणला. शिट्ट्या, टाळ्या. एमेटचे कान नेहमी लाल व्हायचे. आज चेहराच पांढरा पडला.

तो तिला बाहेर गाड्यांच्या रांगेत गाठायला धावत आला. कोटही न घालता.

"सांगणार होतो मी. शुक्रवारीच सांगणार होतो."

"काल शुक्रवारच होता!"

"काल तू हसत होतीस. इतकी हसताना तुला कधी पाहिलं नव्हतं. मला ते… मोडवेना."

"म्हणून आज सगळ्या गावासमोर मोडलंस? कधीपासून त्यांच्यासाठी बोलतोयस? पहिल्या दिवसापासून?"

पहिल्यांदाच एमेटचा आवाज चढला. "मी विकला गेलोय असं तू चार हजार माणसांना सांगितलंस. आत माझे विद्यार्थी बसलेत, वांडा. तू मला एकदा, फक्त एकदा विचारलं असतंस!"

आणि तो वळून चालू लागला. वांडा ट्रकइतक्या जोराने आपली छोटी गाडी हाकत घरी गेली.

पुढचे दोन आठवडे एमेटने रेडिओवर फोन केला नाही. गस रोज विचारायचा, "अरे, कुठे गेला आपला मास्तर?" वांडा रेडिओ बंद करायची. मग पाच मिनिटांनी पुन्हा लावायची.

दुसऱ्या शुक्रवारी ती एकटीच डॉटकडे गेली. शेजारच्या टेबलावरचे येऊन तिची पाठ थोपटून गेले. "काय झाडलंस गं त्यांना! अगदी बरोबर बोललीस!" सगळे तिच्या बाजूचे होते. मासा मात्र चिंधीसारखा लागत होता.

डॉटने कोशिंबिरीची वाटी आपटली, नेहमीपेक्षा जोरात. "ते पत्र वाचलंयस तू?"

"कुठलं पत्र?"

"क्लबला लिहिलेलं. इथे बसून लिहिलं त्याने. शुद्धलेखन बघ म्हणून मला दिलं होतं. गणिताचा मास्तर ना, स्पेलिंगच्या नावाने शंख. दोन पानं नुसते आकडे, मला एक अक्षर कळलं नाही. तिसरं पान कळलं."

"काय होतं?"

"की टिब्सला सोडलंत, हिशोबाने बरोबर केलंत. पण चौदा वर्षं राहिलेल्या माणसाला टीव्हीवरून कळू दिलंत, ते नीच काम केलंत. त्याच्या घरी जायचं होतं, दारात टोपी काढायची होती आणि तोंडावर सांगायचं होतं. आणि खाली लिहिलं होतं, 'हे मला एका बाईने शिकवलं. ती आकडे मानत नाही, आणि या बाबतीत तिचंच खरं आहे.'" डॉटने फडकं खांद्यावर टाकलं. "असली तळी उचलतो तो. आता खा मुकाट्याने, गार होतंय."

वांडाने ताट तसंच सरकवलं.

रविवारी दुपारी तिने एमेटचं दार ठोठावलं. ठोठावलं कसलं, बडवलं. तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता, तसाच सुरी घेऊन दारात आला.

"मी माफी मागायला आलेय," वांडा म्हणाली. "मध्ये बोलू नकोस. मी भयंकर चिडलेय."

"माझ्यावर?"

"माझ्यावर! आणि तुझ्यावरही. तू ते पत्र मला का नाही दाखवलंस? मी तुला सगळ्यांदेखत नको ते बोलले. चुकले मी. उद्या तुझ्या शाळेत येऊन मुलांना सांगते, म्हणशील तर. रेडिओवर सांगते."

"रेडिओवर नको." तो बाजूला झाला. "आत ये, गार वारा येतोय."

टेबलावर बटाट्यांच्या सालींशेजारी कागदांची एक चळत होती. क्लबचा करार. सही अजून केलेली नव्हती.

"उद्या द्यायचाय," तो म्हणाला. "पंधरा दिवस नुसता बघतोय त्याच्याकडे."

"का? नोकरी नकोय तुला?"

"हवीय. लहानपणापासून हवीय. पण अकरावं कलम वाच."

वांडाने वाचलं. क्लबच्या निर्णयांविषयी बाहेरच्या कुणाशीही, कुठेही चर्चा करायची नाही.

"म्हणजे रेडिओ बंद," ती म्हणाली.

"बंद."

"डॉटकडचं?"

"तेही."

"आणि… माझ्याशी?"

एमेट एक बटाटा फार मन लावून सोलू लागला. "तू कागदावर बाहेरचीच आहेस, वांडा."

"बाहेरची!" तिचा आवाज चढला. "तीन महिने तुझ्याशी घसा फाटेपर्यंत भांडले ती मी बाहेरची? एवढं तर मी माझ्या भावाशी भांडले नाही कधी!"

"पुढची ओळ वाच ना," तो बटाट्याला म्हणाला.

ती वाकली. *जवळच्या कुटुंबीयांचा अपवाद.*

छपरावरून बर्फाचा एक थर घसरून अंगणात धप्पकन पडला. कुणी दचकलं नाही. वांडाने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा, अगदी हळू.

"एमेट डोलन… तू मला कलम दाखवतोयस की मागणी घालतोयस?"

"मला वाटलं… दोन्ही एकदमच जमतंय का बघावं." त्याचे कान शेंड्यापर्यंत लाल झाले होते. "हसू नकोस. नोकरी मिळेल याचा आनंद व्हायला हवा होता, आणि मला एवढंच दिसत होतं की शुक्रवारी समोर तू नसशील. बरोबर आहे म्हणणारे पुष्कळ मिळतील गं. मला चूक म्हणणारी तू हवीयस. रोज."

"भांडणाशिवाय काही केलंय का आपण?"

"म्हणून तर."

वांडाने टेबलावरची पेन्सिल उचलली आणि कराराच्या समासात, अकराव्या कलमाशेजारी, ठळक अक्षरांत लिहिलं: *होणारी बायको चालेल का?*

"उद्या हे विचार त्यांना," ती म्हणाली. "नाही म्हणाले तर सही करायची नाही. हो म्हणाले तर…"

"तर?"

"तर आधी टिब्सचं मिटवू. त्याला घालवलं ते चुकलंच."

"पद्धत चुकली, वांडा. निर्णय बरोबर होता."

"चुकला!"

"बरोबर होता." त्याने सुरी खाली ठेवली आणि ओल्या हातांनीच तिचे हात धरले.

"चुकला होता…" ती पुन्हा म्हणाली. पण हे तिला अगदी हळू म्हणावं लागलं; ओरडावं, एवढं अंतरच दोघांत उरलं नव्हतं.