दोन्हीकडून भाजलेला कोळसा

चूक तशी एका वाक्याची होती. "टापटीप, हे दगड स्वच्छ करून नीट लावून ठेव," एवढं सांगून चारुता गोळाभात खायला गेली, आणि हात धुऊन परत येऊन बघते तर काय, पेटीतला एकही दगड आपल्या जागी नव्हता.

टापटीप हा धोट्यांच्या घरातला यंत्रमानव. नाव आबाजींनी ठेवलेलं, कारण त्याला कुठलीही वस्तू पसरलेली बघवत नसे. आबाजी म्हणजे चारुताचे आजोबा. चंद्रपूरकडच्या जमिनीच्या पोटात काय काय दडलंय हे शोधण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. इतका मोठा भूवैज्ञानिक माणूस, पण रोज सकाळी तासभर चष्मा शोधत फिरायचा, कारण टापटीपने तो कुठेतरी 'नीट' ठेवलेला असायचा.

आता ही पेटी काही साधी नव्हती. जमिनीत खोल भोक पाडताना पोकळ नळीतून दगडाचा लांब दांडा वर येतो. त्याला गाभा म्हणतात (जमिनीतले थर जसेच्या तसे दाखवणारा दगडी नमुना). त्या दांड्याचे तुकडे कापून, टोकं घासून गुळगुळीत करून, वरचा वरच्या कप्प्यात, खालचा खालच्या कप्प्यात असे ओळीने लावलेले असतात. सगळी किंमत त्या ओळीला. ओळ मोडली की मग ते नुसते दगड.

वर्धेकाठच्या भूविज्ञान केंद्राने ही पेटी चारुताला सरावासाठी घरी दिली होती. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा, आणि पेटी होती त्याच क्रमाने परत करायची अशी सक्त अट. मागच्या खेपेला चारुता नापास झाली होती. भीतीने तिची बोबडी वळली आणि संगमरवराला तिने गारगोटी म्हणून टाकलं. ही दुसरी आणि शेवटची संधी होती. त्याच केंद्रात यंदा मंगळावरच्या दगडांच्या पेट्या येणार होत्या, आणि परीक्षा पास होणाऱ्या मुलांना त्या खोलीत बसून काम करता येणार होतं. चारुताला दुसरं काहीही नको होतं. आणि इथे टापटीपने तुकड्यांवरच्या खडूच्या खुणासुद्धा धुऊन काढल्या होत्या.

"तू नीट म्हणालीस," टापटीप म्हणाला. "मी प्रत्येकाचं वय मोजलं. लहान वर, मोठे खाली. दोन काळे दगड साडेसहा कोटी वर्षांचे, ते सगळ्यांत वर. वाळूचा दगड आणि ग्रॅनाइट, दोन्ही अडीचशे कोटींचे, ते तळाशी. कोळशाचे दोन तुकडे मोजता आले नाहीत, म्हणून ते बाजूला ठेवले."

आता आली का पंचाईत. नवे थर वर आणि जुने थर खाली, हाच तर पुस्तकातला पहिला धडा. म्हणजे टापटीपचं बरोबरच म्हणायचं. पण चारुताला अंधूक आठवत होतं की पेटीत काळे दगड एकमेकांशेजारी नव्हते आणि कोळसा कुठेतरी मधे होता. आठवणीवर विसंबावं तर तिची आठवण परीक्षेच्या धाकाने आधीच अर्धी झालेली, आणि टापटीपचे आकडे तर चोख. तिला रडूच कोसळलं.

ओसरीवर आबाजी संत्रं सोलत बसले होते. चारुताने त्यांना सगळं सांगितलं. आबाजींनी एक फोड तिच्या हातावर ठेवली.

"रडून काहून राहिली? दगड हरवले का? नाही न. दगड इथंच हायेत, मग त्यांची ओळ पण त्यांच्यातच हाये. उत्तर मी सांगणार नाही, तुझी परीक्षा तू दे. पण एक सांग, हा टापटीप वय मोजते म्हणजे नेमकं काय मोजते?"

हे चारुताला पाठ होतं, पण पाठ असणं आणि समजणं यात फरक असतो. ती अडखळली तशी आबाजींनी तिला अनारशांच्या डब्याची गोष्ट सांगितली. समजा, डब्यात सोळा अनारसे आहेत आणि घरात कडक नियम आहे की रोज उरलेल्यांपैकी निम्मेच खायचे. पहिल्या दिवशी उरतील आठ, मग चार, मग दोन. कुणी पाहुणा आला, त्याने झाकण उघडलं आणि आत दोन दिसले, तर तीन दिवस झाले हे त्याला न विचारता कळेल. काही मूलद्रव्यं अशीच किरणोत्सारी असतात (आपोआप किरणं बाहेर टाकून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलणारी). ती निम्मी व्हायला जो ठरावीक काळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. काळ्या दगडात थोडं पोटॅशियम असतं, आणि त्यातलं काही अतिशय सावकाश आर्गॉन नावाच्या वायूत बदलत राहतं. दगड वितळलेला असतो तेव्हा तो वायू उडून जातो. दगड थिजला की वायू आत कोंडला जातो, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. पोटॅशियम किती उरलं आणि आर्गॉन किती साठला, हे मोजलं की दगड कधी थिजला ते कळतं.

मग कोळशाचं वय का लागलं नाही, असं चारुताने विचारलं. आबाजी म्हणाले की कोळसा कधी वितळून थिजलेला नसतो, तो दलदलीत गाडलेल्या झाडांचा बनतो. त्यातल्या किरणोत्सारी कार्बनचं घड्याळ चालतं खरं, पण पन्नास-साठ हजार वर्षांत त्याचा डबा जवळजवळ रिकामा होतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या कोळशात मोजायला उरणार काय?

"म्हणजे घड्याळ थिजल्यापासून सुरू होते," चारुता हळूच म्हणाली. "पण वाळूचा दगड तर थिजलेला नसते. तो नदीच्या वाळूचा बनते."

आबाजींनी पाठीशी घेतलेल्या गोधडीवरून फक्त हात फिरवला. ती गोधडी आईने मागच्या दिवाळीत शिवली होती, पण तिच्यात पणजीच्या लुगड्यांचे तुकडे होते, साठ वर्षांपूर्वीचे. चारुता गोधडीकडे बघत राहिली आणि एकदम उठली.

टापटीपने वाळूच्या दगडाचं वय मोजलंच नव्हतं. त्याने मोजलं होतं आतल्या कणांचं. ते कण जुन्या ग्रॅनाइटमधून झिजून निघाले, नदीने वाहून आणले, आणि मग त्यांचा दगड झाला. लुगडं जुनं, गोधडी नवी. म्हणजे ग्रॅनाइट सगळ्यांत तळाशी आणि वाळूचा दगड त्याच्या वर, मग आकडा काहीही म्हणो. चारुताने ते दोन तुकडे आपापल्या कप्प्यात ठेवले.

आता कोळसा. एका तुकड्याच्या एका टोकाला बोटभर वाळूचा दगड चिकटलेला होता आणि त्यात बारीक होत गेलेल्या मुळांच्या रेषा होत्या. हे सोपं होतं. मुळं खाली जातात, वर येत नाहीत. म्हणजे वाळू खाली आणि तिच्यावर उगवलेल्या दलदलीचा कोळसा वर.

राहिले दोन काळे दगड, दोन्ही एकाच वयाचे. एकात बुडबुड्यांची भोकं होती, म्हणजे तो जमिनीवर पसरलेला लाव्हा. वर येताच त्यातला वायू फसफसून सुटला होता. त्याची जागा सगळ्यांत वर. दुसरा मात्र एकदम घट्ट, आणि त्याच्या दोन्ही टोकांना कोळसा चिकटलेला. तो कोळसाही वेगळाच दिसत होता, राखाडी आणि खरखरीत, आचेने भाजल्यासारखा. चारुताने टोकं उलटसुलट करून पाहिली. वरचं टोक भाजलेलं, खालचंही भाजलेलं.

आत आई भाकरी करत होती. तव्यावरची भाकरी तव्याकडूनच भाजली जाते, दुसरी बाजू भाजायची तर ती उलटून विस्तवावर धरावी लागते. चारुता आबाजींजवळ धावत आली.

"आबाजी, लाव्हा वरून पसरला असता तर फक्त त्याच्या खालचा कोळसा भाजला असता. याचा वरचा पण भाजलाय. म्हणजे कोळसा आधीच होता, वर पण आणि खाली पण. हा लाव्हा मागाहून मधातून घुसला."

"त्याले आंतरवेशी खडक म्हणतात," आबाजी म्हणाले, आणि उरलेलं अख्खं संत्रं त्यांनी तिच्या हातात दिलं. आंतरवेशी म्हणजे आधीच्या थरांत घुसून थिजलेला. वयाने लहान, पण जागा खाली. नवे वर आणि जुने खाली हा धडा खोटा नव्हता, फक्त तो एकावर एक साचलेल्या थरांपुरता होता. घुसखोराला तो लागू नव्हता.

ओळ जुळली. बुडबुड्यांचा काळा दगड, कोळसा, घुसखोर, मुळांवरचा कोळसा, वाळूचा दगड, ग्रॅनाइट. एकच शंका उरली, वाळूच्या दगडाची वरची बाजू कोणती. त्याच्या एका टोकाला जाड कण होते, दुसऱ्या टोकाला बारीक. चारुताने बरणीत अंगणातली माती आणि पाणी घालून खळखळून हलवली आणि ओसरीवर ठेवून दिली. जाड वाळू भराभर तळाशी बसली, बारीक माती सावकाश तिच्यावर. तिने दगड तसाच लावला, जाड खाली. टापटीप सगळं पाहत होता. बरणी पुसायला तो पुढे झाला, तशी चारुताने त्याला तिथेच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात तिने गेडाम मॅडमसमोर पेटी ठेवली. मॅडम परीक्षक होत्या आणि फार कमी बोलत. ओळ आता बरोबर आहे, तर गप्प राहावं असं चारुताला क्षणभर वाटलं, पण तिच्याने राहवलं नाही. पेटी विस्कटली होती, हे तिने आधीच सांगून टाकलं.

मॅडमनी भुवया उंचावल्या. मग परत कशी लावली, असं त्यांनी विचारलं, आणि चारुता बोलू लागली. गोधडी, मुळं, भाकरी, बरणी, सगळं. मॅडम पेटीचा जुना फोटो पडद्यावर काढून एकेक कप्पा पडताळत होत्या. वाळूच्या दगडापाशी त्यांचं बोट थांबलं.

"हा तुकडा उलटा लागला आहे."

चारुताने पडद्याकडे पाहिलं. फोटोत खरोखरच जाड कण वर होते. चुकलं म्हणावं आणि सुटावं, असं तिला वाटलं. मागच्या वेळी तिने तेच केलं असतं. पण बरणीतली वाळू तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती.

"मॅडम, मला वाटतं, फोटोत उलटा आहे," ती म्हणाली, आणि तिने कारण पूर्ण सांगितलं.

मॅडमनी भिंग घेतलं. बराच वेळ त्या दगड न्याहाळत राहिल्या. मग फोटो, मग पुन्हा दगड. शेवटी त्यांनी कप्प्यातला तुकडा चारुताने ठेवला होता तसाच राहू दिला आणि खिशातून पेन काढून त्याच्या वरच्या टोकावर बाण काढला.

"इतकी वर्षं सगळ्यांनी फोटो बघूनच लावला," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा. सोमवारपासून मंगळाच्या खोलीत ये. त्या पेट्या पृथ्वीवर उतरताना हलल्या आहेत, आतली ओळ मोडली आहे, आणि त्यांचा फोटो कुणाकडेच नाही."

चारुता धावतच बाहेर आली. फाटकाशी आबाजी आणि टापटीप उभे होते. तिचा चेहरा पाहूनच आबाजींनी डोळे पुसले आणि चष्मा परत चढवला, जो आज चक्क नाकावरच होता. सोमवारची बातमी ऐकून टापटीपने विचारलं की मंगळाचे दगडही स्वच्छ करून नीट लावायचे का.

"आधी बघू," चारुता म्हणाली. "मग ठरवू, नीट म्हणजे काय ते."