दाराजवळची खुर्ची

हे खरं आहे. माझी थोरली बहीण तीळभरही वाढवून सांगणाऱ्यातली नाही. आणि शेवटचा भाग तर मी स्वतः पाहिलाय.

तोंडी मात्र मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. का, ते कळेलच.

ताई मनोरुग्णालयात नर्स होती. बायकांच्या वॉर्डात. हे घडलं ते तिथल्या दुपारच्या वेळी. जेवणं आटपलेली, गोळ्या दिलेल्या, निम्म्या बायका झोपलेल्या.

वॉर्डच्या टोकाला एक लहानशी खोली होती. नवी पेशंट आली की तिला तिथे बसवून बोलतं करायचं. दोन खुर्च्या, समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या. नर्सची दाराजवळ. एक प्रश्न विचारायचा, आणि गप्प बसायचं.

"आपण गप्प राहिलो की माणूस आपसूक बोलतं," ताई म्हणायची.

"मग घरी का नाही हा प्रयोग करत?" भावोजी विचारायचे.

एकदा तिथे एक काकू भरती झाल्या. शिवणकाम करायच्या. वॉर्डातसुद्धा चादरीच्या कडेवर त्यांची बोटं चालत राहायची, सुई धरल्यासारखी. झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्यांचं नाव ठेवलं शिलाईकाकू.

त्यांची थोरली मुलगी आजारात गेली होती. तेव्हापासून खाणं नाही, झोप नाही, नुसतं रडणं. धाकटीने त्यांना आणलं होतं.

"माझी आई मला परत द्या, सिस्टर," ती म्हणाली. "बहीण तर गेलीच."

ताईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "देऊ."

त्या दुपारी ताई खोलीत आली, तर काकू आधीच येऊन बसल्या होत्या.

"काकू, मनात काय चाललंय?"

काकू थकून हसल्या. "सांगितलं की सगळं. त्या दुसऱ्या सिस्टरला. आत्ताच."

वॉर्डाची एक पद्धत होती. एकीने विचारलेलं दुसरीने पुन्हा उकरायचं नाही. खपली सारखी काढू नये, म्हणून. इन्चार्ज सिस्टर बोलून गेल्या असतील, असं ताईने धरलं.

"बरं. मग परत नको," ती म्हणाली.

तिथेच चुकलं.

दुसऱ्या दिवशी काकू रडल्या नाहीत. जेवल्या. डॉक्टर खूश झाले.

"तुमच्या हाताला गुण आहे हो, सिस्टर!" मावशी म्हणाल्या.

ताईला कसंतरीच वाटलं. ती तर काकूंशी धड बोललीही नव्हती. इन्चार्ज सिस्टरना तिने विचारलं.

"मी? अगं, मी रजेवर होते," त्या म्हणाल्या. "काल दुपारी तू एकटीच होतीस."

ताई खोलीत गेली. काकू आपल्या जागी होत्या. दाराजवळची खुर्ची रिकामी.

ती बसली...

आणि लगेच उठली.

खुर्ची कोमट होती. त्या बाजूला ऊन कधीच यायचं नाही.

"काकू, कशी आहे ती सिस्टर?"

"मायाळू आहे हो. मान कलती करून ऐकते. मध्ये बोलत नाही. नुसतं म्हणते, हं... अजून?"

"आणि तुम्ही काय सांगता?"

"थोरलीचं."

"थोरलीचं काय?"

काकूंची बोटं थांबली. 

"आता नाही आठवत. पण हलकं वाटतं बघा."

त्यानंतर ताईने काकूंना एकटं सोडलं नाही. गप्प बसायचं शिकलेली ती, आता दुपारभर बडबडत राहायची. कापड, टाके, मशीन, काय वाट्टेल ते. शांतता होऊ द्यायची नाही, एवढंच.

पण वॉर्ड काय एका पेशंटचा असतो? एका दुपारी कुणीतरी किंचाळलं. ताई धावली. परत फिरली, तर खोलीतून काकूंचा आवाज येत होता. बारीक, सलग.

मग तो थांबला.

आणि त्या शांततेत...

"हं... अजून?"

ताईने स्पष्ट ऐकलं. आवाज फार मऊ होता. सगळ्यात भयंकर काय, तर तिला स्वतःला आत जाऊन बोलावंसं वाटलं. सगळं सांगून टाकावंसं वाटलं.

"काकू, बोलू नका!" ती ओरडत आत शिरली. "तिला काही सांगू नका!"

खोलीत काकूंशिवाय कुणी नव्हतं.

"संपलंच, सिस्टर," काकू शांतपणे म्हणाल्या. "एवढं धाकटीचंच राहिलं होतं."

संध्याकाळी धाकटी भेटायला आली. "आई," तिने हाक मारली.

काकूंनी तिला खुर्ची दिली. "बसा ना. कुणाला भेटायचंय तुम्हाला?"

मुलगी ताईकडे बघत राहिली. 

मेंदूच्या सगळ्या तपासण्या झाल्या. काही सापडलं नाही. शेवटी ताईने धीर करून डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"सिस्टर, मला तो आवाज ऐकू आलेला नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला आला आणि तुम्ही घाबरलात, हे मला समजतंय."

भास होणाऱ्या पेशंटला हेच म्हणायचं असतं. ताईने स्वतः कितीजणींना ते म्हटलं होतं.

ती पुन्हा कुणाशी त्याबद्दल बोलली नाही. पुढे नोकरी सोडली. फक्त मला एकदा सांगितलं.

गेल्या महिन्यात भावोजी गेले.

ताई खूप रडली. मी रोज जाऊन बसायचे. परवा दुपारी गेले, तर ती निवांत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, मनात साठवू नकोस गं. बोल माझ्याशी."

"अगं, सांगितलं की सगळं. आत्ताच."

घरात आम्ही दोघीच होतो.

जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची दाराजवळ होती. जरा तिरकी.

ताईने फडताळातून एक चष्मा उचलला. "हा तुझा राहिला का इथे?"

"ताई, तो भावोजींचा. ते रोज सकाळी..."

मला हुंदका आला. मी थांबले.

आणि त्या शांततेत...

हं... अजून?

मी तोंड घट्ट मिटून घेतलं. खुर्चीला हात लावून बघायची हिंमत झाली नाही. आणि खरं सांगू? बोलावंसं फार वाटलं. अजूनही वाटतं.

म्हणून हे सगळं लिहून काढलं. तेवढं तरी ताईला परत देता येईल, असं वाटलं. काल तिला वाचायला दिलं.

तिने आपला चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मध्येच एकदा हसलीसुद्धा.

"यातले भावोजी मजेशीर आहेत," ती म्हणाली. "खरंच होतं का गं असं कुणी?"