मागे घर नसलेलं दार

या गं पोरींनो, जवळ सरका. देवाचं नाव घेऊन एक प्रेमाची गोष्ट सांगते. गोड आहे, पण अंगावर काटा आणणारी…

जयपूरला आमेरच्या वाटेवर सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. तिथला नेमच वेगळा. जनरेटर नाही, दिवे सौर बॅटरीवर. सेटसाठी नवं लाकूड नाही. जुनंच मागून आणायचं, काम झालं की परत द्यायचं. हे सांभाळायला जयपूरच्याच वैशाली नगरात वाढलेली ऋचा होती. आणि सेट उभारायला सांगलीचा निलय—तिच्या हिंदीमिश्रित मराठीला हसणारा, तिने पाहिलं की मान खाली घालून रंधा मारत बसणारा.

शहरातल्याच दुर्गापुऱ्यात हरिभाऊ नावाच्या म्हाताऱ्याचं जुनं घर पाडलं, त्याचं दार ऋचाने मागून आणलं होतं. माळावर ते चौकटीसकट उभं केलेलं. पुढे-मागे घर नाही. आणि भर दुपारी, वारा पडलेला असताना, त्याची कडी वाजायची. दोनदा.

तिसऱ्या दिवशी कामगार कामच करेनात. दिग्दर्शक नीरज म्हणाला, उद्या संध्याकाळी दार जाळा. परत देईन असा शब्द दिला होता ऋचाने! तशीच स्कूटर काढून ती हरिभाऊंकडे गेली, मोठमोठ्याने सगळं सांगितलं. हरिभाऊ म्हणाले, त्यांची बायको मधुमती दुपारी देवळातून यायची, कडी दोनदा वाजवायची. यांचे कान गेलेले. एके दिवशी ताटकळत उभी असतानाच दारात कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऋचा दाराच्या आतल्या बाजूला उभी राहिली. बाहेर कडीपाशी निलय.

"तूच वाजवत असशील. मतलब… मला घाबरवायला."

"तुला घाबरवून काय मिळणार? अजून चार हात लांब पळशील."

तेवढ्यात कडी वाजली. दोनदा.

ऋचाने अडसर काढला, दार उघडलं. "या आजी," ती म्हणाली, "मला ऐकू आलं."

समोर निलय पांढराफटक, हात छातीशी बांधलेले. दोघांच्या मधून काहीतरी गेलं… गार, ओल्या पदरासारखं. मागे कापराचा वास राहिला.

निलयने तिचा हात धरला. "सोडू नकोस."

"घाबरलास?"

"घाबरलोच. पण… त्यासाठी नाही म्हणत."

ऋचाने हात सोडला नाही. अजूनही सोडलेला नाही.

कडी पुन्हा वाजली नाही. दार वाचलं, हरिभाऊंकडे पोचलं.

आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा मधुमतीबाईंची आठवण काढा, पोरींनो. फार वेळ उन्हात उभी होती ती.