धरण पहिलं आलंच कसं?

शनिवारी संध्याकाळी बेल वाजली आणि क्षिप्राने दार उघडलं. बाहेर यशराज उभा होता. केस ओले, तोंड धुतलेलं, डोळे मात्र लाल.

"आत ये," क्षिप्रा म्हणाली. "रडलास ते खालच्या नळावर धुऊन आलास ना? कॉलर भिजलीये."

टेबलावर पुस्तकांच्या ढिगामागे बसलेल्या इंद्रजितने मान वर केली. हा क्षिप्राचा मावसभाऊ. बीडहून यूपीएससीच्या तयारीला दिल्लीत आलेला, तिथल्या द्वारका भागात मावशीकडे राहणारा. राज्यघटनेची कलमं त्याला झोपेत विचारली तरी येत. समोरच्याची कॉलर ओली आहे हे मात्र त्याला जागेपणीही दिसत नसे.

क्षिप्रा अकरावीत होती. तिने कॉम्प्युटरवर स्वतःची कार्डं छापली होती : 'खासगी चौकशी करून मिळेल. सोसायटीतल्यांना प्राधान्य.' आतापर्यंत तिने दोन हरवलेल्या सायकली आणि एक खोटी मार्कशीट शोधून काढली होती, आणि त्याचा तिला भरपूर अभिमान होता. का नसावा?

"ताई, मला चोर म्हणतायत," यशराज म्हणाला.

तो कँटोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये राहायचा. वडील कृष्णात हवालदार. पुढच्या आठवड्यात त्यांची बदली होऊन सगळं कुटुंब जोधपूरला जाणार होतं. उद्या रविवारी अविनाशकाकांच्या सायबर कॅफेत 'फौज'ची फायनल होती, कँटची टीम विरुद्ध सोसायटीची टीम. कॅप्टन यशराज.

"फौज म्हणजे?" इंद्रजितने विचारलं.

"गेम आहे रे दादा. रणगाडे, जीप, विमानं, दोन सैन्यं. खरं नाव लांबलचक इंग्रजी आहे, ते कुणी घेत नाही. त्यात पाच मॅप आहेत, म्हणजे पाच रणांगणं. बंदर, वाळवंट, पूल, धरण, बर्फ. कुठला सगळ्यात भारी यावर मुलं मतं देतात आणि पहिला येईल त्याच्यावर फायनल होते. यशराज, पुढे बोल."

"काल रात्रीपर्यंत बंदर पहिलं होतं. धरण चौथं. आज दुपारी बघतात तर धरण पहिलं! आणि धरणही भारी आहे असं कायम मीच म्हणतो, सगळ्यांना माहितीये. वर माझ्या बॅगेत टिकल्या सापडल्या."

"टिकल्या?" इंद्रजित हसला.

"मतं टिकल्यांनी देतात," क्षिप्रा म्हणाली. "गेल्या वर्षी चिठ्ठ्यांमध्ये घोळ झाला, म्हणून अविनाशकाकांच्या बायकोने, काकूंनी, डोकं लढवलं. भिंतीवर तक्ता लावायचा, पाच रकाने. प्रत्येक खेळाडूला काकू स्वतः एक मरून टिकली देतात, ती त्याने त्यांच्यासमोर चिकटवायची. बस."

"आईने मार्केटमधून आणायला सांगितल्या होत्या," यशराज म्हणाला. "पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. पण रंग तोच निघाला ना. काका म्हणाले, उद्या तू खेळायचं नाहीस. आणि बाबा..." त्याचा आवाज चिरकला. "बाबा म्हणाले, उद्या सकाळी मी येतो. तू केलं असशील तर सगळ्यांसमोर माफी मागायची. आपण इथून जाणार ते असं नाव मागे ठेवून जाणार नाही."

क्षिप्राने चपला घातल्या. "चल दादा. राज्यघटना पळून जात नाही."

*

कॅफे मेट्रोच्या खांबांसमोरच्या मार्केटमध्ये होता. दहा कॉम्प्युटर, एक एसी, आणि शेजारच्या नव्या गाळ्याच्या भिंतीत पाडलेलं ताजं भोक. त्या भोकातून एक निळी वायर येऊन छताकडे गेली होती. वायरच्या बरोबर खाली तक्ता.

धरणाचा रकाना खरंच टिकल्यांनी भरलेला होता. बाकीचे अर्धे रिकामे.

"अरेच्चा," इंद्रजित म्हणाला आणि पाय उचलला. बूट दाराशी काढले होते, त्याच्या सॉक्सला एक टिकली चिकटली होती. खाली आणखी तीन-चार पडल्या होत्या, सगळ्या धरणाच्या रकान्याखाली.

क्षिप्राने एक उचलून पुन्हा तक्त्यावर दाबली. दोन क्षण थांबली. एसीची झुळूक आली आणि टिकली गळून पडली. मग तिने बंदराच्या रकान्यातली एक टिकली नखाने उचकटून पाहिली. ती हलेना.

"काका, खेळाडू किती आणि टिकल्या किती?"

अविनाशकाका काउंटरमागे वैतागून बसले होते. "ते तर मी पण मोजलं, बेटा. खालच्या धरून बरोब्बर जुळतं. काकूंनी जितक्या दिल्या तितक्याच. म्हणून काय झालं? धरणाच्या तर वाढल्यात ना! पोराच्या बॅगेत पाकीट निघालं ना!"

"पाकीट आहे हे कुणाला कळलं?"

"धीरजला दिसलं. बॅग उघडी होती म्हणाला."

"आणि दुपारी इथे कोण होतं?"

"मी जेवायला घरी गेलो होतो. इथे यशराज, धीरज आणि तो आपला रिंकू. बाकी सगळी पोरं टेस्ट मॅच बघत घरी."

"ही वायर कसली?"

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "सरप्राइज. उद्या कळेल. कुणाला सांगितलेलं नाही."

*

"आता मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारणार," क्षिप्रा इंद्रजितच्या कानात म्हणाली. "पाच मॅप नंबरवारी लाव आणि कारण सांग."

"हा काय तपास झाला?"

"दादा, तुमच्या मुलाखतीत छंद विचारतात तेव्हा त्यांना खरंच छंदात रस असतो का?"

इंद्रजितने खिशातून पेन काढलं.

पहिला रिंकू. हा जनकपुरीहून यायचा, कुठल्याच टीममध्ये नव्हता, दिवसभर कोपऱ्यातल्या मशीनवर कानाला हेडफोन लावून बसायचा.

"दीदी, एक नंबर बंदर. कंटेनर के पीछे छुपो, मज़ा आता है. फिर पूल, वाळवंट, बर्फ. धरण तो एकदम बकवास! कुछ है ही नहीं वहाँ."

"दुपारी काय पाहिलंस?"

"कुछ नहीं. हेडफोन लगा था. यशराज बैग रखके समोसा लेने गया. धीरज भैया स्टूल पे चढ़के तार लगा रहे थे. बस."

"धरणात काहीच नाही म्हणजे?"

"खुद देख लो ना."

इंद्रजितला मशीनवर बसवलं. त्याने जीप सुरू केली, दोनदा झाडावर आदळली, मग धरणाच्या भिंतीवरून सरळ पलीकडे हाकली. पडदा लाल झाला. 'परत फिरा' असं इंग्रजीत लुकलुकलं आणि काही क्षणांत इंद्रजित मेला.

"मी काय केलं?" तो दुखावल्या स्वरात म्हणाला.

रिंकू खदखदून हसला. "भैया, दस मशीन हैं. प्लेयर कम हों तो गेम छोटा वाला मॅप खोलता है. धरण के आगे बंद. आज तक यहाँ कोई आगे नहीं गया."

क्षिप्राचे डोळे चमकले. तिने इंद्रजितच्या पाठीवर थाप मारली. "दादा, इतकं उपयोगी मरण कुणाला आलं नसेल."

दुसरे अविनाशकाका. त्यांनी धरणाला पहिला नंबर दिला, का ते सांगेनात. "उद्या बघशील, कसा दिसतो तो मॅप! पण मी मत दिलेलं नाही हं. मी मालक, मला काय करायचंय मत देऊन."

तिसरा यशराज. "पूल पहिला, मग धरण. धरणाच्या भिंतीवर एक माणूस नीट बसला ना ताई, तर अख्खी टीम अडवतो. डोकं लागतं तिथे, नुसतं धावून होत नाही. पण खरं सांगू? फायनल बंदरावर झाली तर आमचाच फायदा होता. महिनाभर तिथेच प्रॅक्टिस केलीये."

शेवटी धीरज. सोसायटीच्या टीमचा कॅप्टन, बारावीतला, केसांना जेल. त्याने खुर्ची उलटी फिरवली आणि तिच्यावर स्वार होऊन बसला.

"चालू दे तुझी सीआयडी."

"घरी खेळतोस का रे फौज?"

"छे! बोर्डाचं वर्ष. पप्पांनी सगळे गेम उडवले. कॉम्प्युटर फक्त अभ्यासाला. खेळतो तो इथेच."

"मग मॅप लाव नंबरवारी."

"बंदर, धरण, वाळवंट, पूल, बर्फ. माझंही मत बंदरालाच होतं. मला काय पडलंय धरणाचं?"

"तरी दुसरा नंबर दिलास. रिंकू म्हणतो बकवास आहे."

"रिंकूला काय कळतंय! तो आयुष्यभर कंटेनरमागे लपलाय. धरणासारखा मॅप नाही. मागच्या धावपट्टीवरून विमान उचलायचं, भिंतीच्या अगदी वरून घासून न्यायचं... उतरताना डावीकडच्या टाकीला पंख लागतो, ते जमायला वेळ लागतो. पण जमलं ना यार, की बिल्कुल राजा!"

"असं का," क्षिप्रा म्हणाली. "थँक्यू."

बाहेर आल्यावर इंद्रजित म्हणाला, "मला तर काका वाटतात. काहीतरी लपवतायत."

"लपवतायत, बिल्कुल. म्हणून काही चोर ठरत नाहीत."

*

रविवारी सकाळी कॅफे गच्च भरला होता. कृष्णात हवालदार इस्त्रीचा शर्ट घालून दारातच उभे होते, आत यायला तयार नव्हते. यशराज त्यांच्या शेजारी, मान खाली.

"सांगा," कृष्णात म्हणाले. "माझ्या पोरानं केलंय का न्हाई? एवढंच सांगा."

क्षिप्रा तक्त्यासमोर उभी राहिली. आवाज खणखणीत निघाला.

"नाही केलं. सगळ्यांनी एकच गोष्ट पाहिली, की धरणाच्या टिकल्या वाढल्या. पण एकूण टिकल्या वाढल्याच नाहीत. म्हणजे बाहेरून एकही आलेली नाही. दुसऱ्या रकान्यांतल्या काढून इथे लावल्यात."

"कशावरून?" धीरज म्हणाला.

"काकू सांगतील. एकदा लावलेली टिकली काढून परत लावली तर काय होतं?"

काकू काउंटरमागून म्हणाल्या, "गळते. गोंद राहतोच कुठे? आरशावर लावून ठेवली तर दुसऱ्या दिवशी कशीबशी टिकते, संध्याकाळी गायब."

"म्हणून धरणाखालीच टिकल्यांचा सडा आहे, बाकी रकाने घट्ट. हे कुठल्याही मुलीला ठाऊक असतं. मुलाला नसतं. आता ज्याच्या बॅगेत नव्या टिकल्यांचं अख्खं पाकीट होतं, तो जुन्या उचकटत कशाला बसेल?"

कृष्णातांनी मुलाकडे पाहिलं.

"राहिले तिघं. काका तक्त्याचे मालक, टिकल्या त्यांच्याच घरच्या. त्यांना चोरी करायची गरजच नाही, धरणावर खेळा म्हणाले असते तर सगळे खेळले असते. रिंकूला धरण आवडत नाही आणि तो कुठल्या टीममध्येही नाही. काका, आता सांगा तुमचं सरप्राइज."

काकांनी घसा साफ केला. "शेजारचा गाळा घेतलाय मी. आज दोन्हीकडची मशीन त्या वायरने जोडली. दुप्पट पोरं खेळणार. मोठा मॅप उघडणार."

पोरांमध्ये एकच गलका झाला. क्षिप्राने हात वर केला.

"मोठा मॅप! आत्तापर्यंत या कॅफेत कुणीही धरणाच्या पलीकडे गेलेलं नाही. माझा दादा गेला, तो मेला. आणि धीरज काल मला सांगतो, मागच्या धावपट्टीवरून विमान उचलायचं, उतरताना टाकीला पंख लागतो. धीरज, खेळतोस ना तू फक्त इथेच? मग तो पंख कुठे लागला तुझा?"

धीरजने जेल लावलेल्या केसांतून हात फिरवला.

"वाचलं असेल कुठेतरी," तो म्हणाला.

"वाचून 'जमायला वेळ लागतो' असं कळत नाही. तुझ्या घरी ब्रॉडबँड आहे, अख्ख्या सोसायटीला माहितीये, आणि ऑनलाइन खेळाडू हवे तितके मिळतात. तिथे तू मोठं धरण खेळतोस. वायर कशासाठी ते काकांनी कुणाला सांगितलं नाही, पण ती ओढली कुणी? तू. दोन गाळे जोडले की काय होणार हे तुला लगेच कळलं. तू स्टूलवर, काका जेवायला, रिंकू हेडफोनमध्ये, यशराज समोसे आणायला. तक्ता तुझ्या हाताशी. मग उघडी बॅग दिसली आणि आयता चोरही मिळाला."

"तेरी तो..." रिंकू उठला. काकांनी त्याला खांदा धरून खाली बसवलं.

धीरजने पायाशी पडलेली एक टिकली उचलली. "बॅगेचं आधी नव्हतं डोक्यात," तो पुटपुटला. "बंदरावर ते लोक आम्हाला दर वेळी धुतात. एकदा जिंकायचं होतं, बस. सॉरी, काका."

"मला कशाला सॉरी?" अविनाशकाका ओरडले. "तू आऊट! फायनल बंदरावर, आणि तुझी टीम तुझ्याशिवाय."

धीरज यशराजकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सॉरी म्हणाला. यशराजने नाक पुसलं.

"काका, त्याला खेळू द्या," तो म्हणाला. "आणि फायनल धरणावरच ठेवा. मोठ्या."

"वेडा झालास का?" क्षिप्रा किंचाळली. "तुमच्यातल्या एकानेही तो मॅप पाहिलेला नाही!"

"हो रे," धीरजही म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात माज नव्हता. "हरशील यार."

"हरलो तर हरला म्हणतील ना? म्हणू दे. जोधपूरला जाताना मला तेवढंच चालेल."

कृष्णात हवालदार दारातून पहिल्यांदा आत आले. त्यांनी एक रिकामी खुर्ची ओढली, मुलाच्या मशीनशेजारी ठेवली, आणि पाठ ताठ करून तिच्यावर बसले.

"काय रं," ते म्हणाले, "किती वाजता असतंय तुमचं हे युद्ध?"