दोन झटके म्हणजे ठीक

थोरल्या बहिणीचे गुडघे धरले होते, आणि डोंगरावरच्या गरम झऱ्यांत बसलं की ते मोकळे होतात असं तिने कुठेतरी वाचलं होतं. ऐकलं असण्याचा प्रश्नच नव्हता. कापडगिरणीत तीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढली, त्यात कान कामातून गेले. कानात मशीन असलं तर ठीक, नाहीतर शेजारी ताट आपटा, बाई ढिम्म हलायची नाही. समोर उभं राहून बोललं तर ओठ तेवढे वाचायची.

धाकटी शिवणकाम करायची. आईमागे थोरलीनेच तिला वाढवलं, म्हणून पन्नाशी उलटली तरी घरात ती चिमणीच राहिली. थोरली एकटी जायचं म्हणाली तेव्हा चिमणी अडून बसली. ताईला काही झालं तर आपलं म्हणावं असं तिला कुणीच उरणार नव्हतं. मग दोघी निघाल्या.

चढण चार तासांची. वाटेत चिटपाखरू दिसलं नाही. वर पोचल्या तेव्हा दुपार होती, पण वाफ एवढी की हातभर पुढचं दिसेना. सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. चिमणीला पोहता येत नव्हतं, ती काठावरच बसणार होती. थोरलीने मशीन काढून डबीत ठेवलं आणि डबी चिमणीच्या कोटाच्या खिशात घातली.

"आता हाका मारू नकोस, घसा बसेल," ती हसत म्हणाली.

त्यासाठीच चिमणीने कपडे वाळत घालायची दोरी आणली होती. एक टोक ताईच्या मनगटाला, दुसरं आपल्या. दोन झटके म्हणजे ठीक. तीन म्हणजे मला बाहेर काढ.

थोरली वाफेत शिरली आणि दिसेनाशी झाली. चिमणी दोनदा ओढायची, पलीकडून दोन झटके यायचे. जरा वेळ जायचा, की पुन्हा जीव खालीवर व्हायचा. पुन्हा ओढायची, पुन्हा दोन यायचे. दोरीने मनगट लाल झालं तरी तिने गाठ सैल केली नाही.

"चिमणे, चल ना. किती वेळ बसशील?"

आवाज पाठीमागून आला. कोट घालून, ओल्या केसांची थोरली उभी होती.

"अगं, कधी आलीस बाहेर? माझा जीव टांगणीला लागलाय इथे..."

"मघाशीच. तिकडच्या बाजूने चढले. दोरी दगडाला बांधली."

तेवढ्यात दोरी ओढली गेली. एक, दोन, तीन.

चिमणीने ताईकडे पाहिलं.

"पाणी ओढतंय तिला," थोरली म्हणाली. "सोड ती. उजेड आहे तोवर उतरू."

ताई समोर धडधाकट उभी होती, मग दोरीचं कौतुक कशाला? चिमणीने गाठ सोडली. दोरी सरसरत वाफेत गेली.

थोरली पुढे, चिमणी मागे. थोरली भराभर उतरत होती, गुडघ्यांना खरंच गुण आला होता. चिमणीला इतकं हायसं वाटलं की नेहमीच्या सवयीने ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "हट्टी म्हातारी. कुणाचं ऐकेल तर शपथ."

"हट्टी तर तूही आहेस," पुढून उत्तर आलं. मान न वळवता.

चिमणी हसली. चार पावलं चालली. मग तिचं हसू विरलं आणि हात आपोआप खिशात गेला.

डबी खिशातच होती. तिने उघडली. मशीन आत होतं.

ती जागीच थांबली. तिने ओठही धड न हलवता श्वासातून विचारलं, "ताई...?"

"काय गं?" वळणापाशी पाठमोरी उभी असलेली ती म्हणाली.

ते तीन झटके चिमणीला आता पुन्हा आठवले. तिने सोडलेली ती गाठ आठवली. ती वळली आणि चढावर धावत सुटली, बहिऱ्या बहिणीला हाका मारत, रडत. वर वाफेचा पांढरा ढग दिसू लागला. "आले गं ताई, आले..."

तेव्हा तिच्या मोकळ्या मनगटाला दोन झटके बसले. ते खालच्या बाजूने, त्या वळणापासून आले होते.